नलिनी मलानी यांची कला : भिंत, छाया आणि स्त्रीचा आवाज

नगरच्या भुईकोट किल्ल्यात १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ च्या मार्चअखेरपर्यंत पंडित जवाहरलाल नेहरू बंदिवासात होते, आणि तेथेच १९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत त्यांनी भारताच्या शोधाचा आपला प्रसिद्ध ग्रंथ लिहून काढला, ही गोष्ट या जिल्ह्यातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. त्या ग्रंथात भारतमातेविषयी एक लहानसे प्रकरण आहे. शेतकऱ्यांच्या सभांतून जयघोष कानी पडला की नेहरू त्यांना विचारीत, ही भारतमाता म्हणजे कोण? कोणी म्हणे धरणी, कोणी म्हणे नद्या आणि डोंगर. त्यावर नेहरू त्यांस समजावून सांगत की हे सर्व तर खरेच, परंतु मुख्यतः भारतमाता म्हणजे तुम्हीच, ही कोट्यवधी माणसे.

हा ग्रंथ १९४६ साली प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फेब्रुवारी महिन्यात कराची शहरी एका कुटुंबात कन्या जन्मास आली. पुढे एकोणसाठ वर्षांनी, २००५ साली, त्या कन्येने व्हेनिस येथील जगप्रसिद्ध कलामेळाव्याच्या वेळी पाच पडद्यांवर चालणारी एक चित्रकृती मांडली आणि तिला भारतमातेचेच नाव दिले. नेहरूंच्या प्रश्नाची दिशा मात्र तिने पालटली होती. देशाला माता म्हटल्यावर त्या देशातील प्रत्यक्ष स्त्रियांच्या वाट्यास काय आले, असे तिचे विचारणे होते. या चित्रकर्त्रीचे नाव नलिनी मलानी. त्यांच्या पन्नासाहून अधिक वर्षांच्या कलाजीवनाचा परिचय करून देणे हा आजच्या भाषणाचा हेतू आहे.

आरंभीच दोन शब्दांचा उलगडा करणे इष्ट आहे. नलिनीबाईंना अनेक माध्यमांत काम करणाऱ्या कलावती म्हणतात. याचा अर्थ असा की कागद, कॅनव्हास आणि तैलरंग एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. चित्रपट, भिंतीवरील कोळशाची रेखाटने, रंगभूमी, छायेचे खेळ आणि आता तर बोटाने काढलेली हलती चित्रे असा त्यांचा प्रवास आहे. दुसरा शब्द स्त्रीवादी. स्त्रियांची चित्रे काढणे म्हणजे स्त्रीवाद नव्हे, कारण तसे असते तर राजा रविवर्म्याइतका स्त्रीवादी चित्रकार दुसरा सापडला नसता. आणि पुरुषांशी वैर म्हणजेही स्त्रीवाद नव्हे. चित्र कोणी पाहावे म्हणून काढले आहे, त्यात जी स्त्री दिसते ती स्वतः काही पाहते की नाही, बोलते की नाही, हा प्रश्न ज्या कलेच्या मुळाशी असतो ती स्त्रीवादी कला. नलिनीबाईंची माध्यमे वारंवार बदलली याचे कारण या प्रश्नात आहे. नवलाईच्या हौसेने त्यांनी कोणतेही माध्यम उचललेले दिसत नाही. जेथे एखाद्या माध्यमात स्त्रीचा आवाज पुरेसा ऐकू येईना, तेथे त्यांनी दुसरे शोधले.

त्यांच्या बालपणावर फाळणीची छाया आहे. १९४७ साली मलानी कुटुंबास कराची सोडावी लागली. ते प्रथम कलकत्त्यास आले आणि १९५४ साली मुंबईस स्थायिक झाले. देशत्यागाच्या वेळी नलिनीबाई दोन वर्षांच्याही झालेल्या नव्हत्या. म्हणजे त्या प्रसंगाची स्वतःची अशी आठवण त्यांना असणे शक्य नाही. परंतु निर्वासितांच्या घरी मुले जी आठवण वारशाने घेतात ती स्वतःच्या आठवणीहून कमी तीव्र नसते. सोडून आलेल्या घराविषयी वडीलधाऱ्यांचे बोलणे, आणि त्याहूनही त्यांचे न बोलणे, हे त्या मुलांच्या मनात खोल रुजते. पुढे या न बोलण्याच्याच पाठीस नलिनीबाई आयुष्यभर लागल्या.

१९६४ ते १९६९ या काळात त्यांनी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत शिक्षण घेतले. रावबहादुर धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई यांनी याच शाळेची पदविका १९३१ साली मिळविली होती, तेव्हा स्त्रीने चित्रकला शिकणे ही मुंबईस अगदीच अपूर्व गोष्ट राहिली नव्हती. पण शिकणे वेगळे आणि तीच वृत्ती म्हणून पत्करणे वेगळे. विद्यार्थिदशेतच नलिनीबाईंनी भुलाभाई देसाई स्मारक संस्थेत काम करण्यापुरती जागा मिळविली. त्या संस्थेत चित्रकार, नट, नर्तक आणि वादक एकाच छपराखाली काम करीत. एका कलेचे दार दुसऱ्या कलेत उघडते हा धडा त्यांस तेथे मिळाला असला पाहिजे, कारण तो त्या पुढे कधीच विसरल्या नाहीत.

शाळेतून बाहेर पडताच त्यांच्या हाती कॅमेरा आला. ज्येष्ठ चित्रकार अकबर पदमसी यांना १९६९ साली जवाहरलाल नेहरू यांच्या नावाची अभ्यासवृत्ती मिळाली होती. तो पैसा केवळ स्वतःसाठी न वापरता त्यांनी मुंबईत एक प्रयोगशाळा काढली व तेथे चित्रकारांना चित्रपटाची साधने उपलब्ध करून दिली. त्या मंडळीत नलिनीबाई सर्वांत तरुण. तेथे त्यांनी स्वप्नातील घरांविषयी एक लहान रंगीत पट तयार केला. पुठ्ठ्याची नमुनाघरे, त्यांवर टाकलेला रंगीत प्रकाश, आणि एकेक चौकट टिपून निर्माण केलेली गती, एवढेच त्याचे साहित्य. नव्या भारतात प्रत्येकास चांगले घर मिळेल या नेहरूकालीन आशेचे ते चित्र होते. सात वर्षांनी, १९७६ साली, त्यांनी त्याच्या शेजारी दुसरा पट आणून ठेवला. हा कृष्णधवल. यात एक तरुणी मुंबईच्या वस्तीकडे पाहत उभी आहे. स्वप्नातील घरांचा मागमूस नाही. दोन्ही पट एकाच वेळी शेजारीशेजारी दाखविले जातात आणि त्या जोडकृतीचे नाव ‘युटोपिया’, म्हणजे कोठेही नसलेले आदर्श स्थळ. तुलना करण्याचे काम कर्तीने प्रेक्षकावर सोडले आहे. तरीही घरबांधणीच्या योजना पुरुषांनी आखल्या आणि त्या फसल्याचे पाहत खिडकीशी उभी राहिली ती स्त्री, एवढे कोणाच्याही ध्यानात येते.

मध्यंतरी, १९७० ते १९७२ पर्यंत, फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसमध्ये होत्या. १९६८ च्या विद्यार्थी उठावाची ऊब त्या शहरात अजून निवाली नव्हती. तेथेच राहण्याची सोय होत असतानाही त्या परतल्या आणि पुढे त्यांनी आपली चित्रशाळा मुंबईच्या लोहार चाळीत थाटली. ज्यांनी हा भाग पाहिला आहे त्यांना सांगावयास नको की विजेच्या सामानाच्या घाऊक व्यापाराचे ते ठिकाण आहे. हमाल, हातगाड्या, फेरीवाले आणि गिऱ्हाईक यांच्या गर्दीत तेथे पाऊल ठेवावयास जागा नसते. खिडकीखालची ही माणसे त्यांच्या चित्रांत आली. १९८१ साली मुंबई व दिल्ली येथे सहा चित्रकारांचे एक महत्त्वाचे प्रदर्शन झाले. भूपेन खक्कर, गुलाम मोहम्मद शेख, विवान सुंदरम, जोगेन चौधरी आणि आपले सुधीर पटवर्धन हे त्यांतील पाच. सहाव्या नलिनीबाई, आणि सहांत स्त्री ती एकच. अमूर्त चित्रांचे प्राबल्य असताना माणसाला आणि त्याच्या गोष्टीला चित्रात पुन्हा स्थान मिळाले पाहिजे, हा या सहा जणांचा आग्रह होता.

सहांत एक हे प्रमाण नलिनीबाईंना खुपत होते. १९७९ साली न्यूयॉर्क येथे त्यांनी केवळ स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालविलेले एक चित्रदालन पाहिले होते. तसे काही आपल्याकडे का होऊ नये, या विचाराने त्यांनी खटपट आरंभिली, परंतु ती फळास यावयास बरीच वर्षे लागली. १९८७ ते १९८९ या काळात अर्पिता सिंग, नीलिमा शेख, माधवी पारेख आणि त्या स्वतः अशा चौघींचे प्रदर्शन भारतातील निरनिराळ्या शहरी फिरले. चौघींची शैली सर्वस्वी भिन्न होती. माधवीबाई तर गुजरातेतील खेड्यातून आलेल्या आणि कलाशाळेची पायरी न चढलेल्या. स्त्रियांनी एकत्र चित्रे मांडली म्हणजे एकाच प्रकारची कला निपजते, ही समजूत या प्रदर्शनाने खोटी ठरविली. त्यापलीकडे त्याचे एक व्यावहारिक फळ होते. एकटी स्त्री अपवाद म्हणून कौतुकास पात्र होते आणि तिच्या कौतुकात इतरांचा विसर पडतो. चौघी एकत्र आल्या म्हणजे त्यांच्या कामाचीच चर्चा करावी लागते.

याच सुमारास भूपेन खक्कर यांच्याकडून नलिनीबाईंनी एक जुनी विद्या उचलली. ती म्हणजे काचेच्या मागील बाजूने चित्र काढणे. आपल्याकडे अठराव्या शतकात चीनच्या व्यापाराबरोबर ही कला आली आणि सरदारांच्या वाड्यांत व देवघरांत अशी काचचित्रे मानाने लागली. तिची रीत नेहमीच्या चित्राच्या अगदी उलट असते. कागदावर आपण आधी पार्श्वभूमी रंगवितो, मग आकृती, आणि डोळ्यातील बुबुळ किंवा नथीतील मोती सर्वांत शेवटी. काचेवर तो मोती आधी काढावा लागतो, कारण पाहणारा पलीकडून पाहणार; पार्श्वभूमी सर्वांत शेवटी, आणि डावे ते उजवे होणार. एकदा दिलेला रंग मागाहून झाकता येत नाही. नलिनीबाईंनी काचेऐवजी पारदर्शक पत्रे घेतले. त्यांच्यातून प्रकाश आरपार जातो, आणि पुढील सर्व कामगिरीची किल्ली या एका गुणात होती.

१९९२ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात त्यांनी प्रत्यक्ष भिंतींवरच चित्रे काढली. नाथद्वार येथील जुनी भित्तिचित्रे हेळसांडीने नष्ट होत होती, त्याचा हा निषेध होता. प्रदर्शन संपताच भिंती पुन्हा पांढऱ्या केल्या गेल्या. विकावयास काही उरले नाही, घरी नेऊन टांगावयास काही उरले नाही. अनेकांना हा विक्षिप्तपणा वाटला. परंतु आपल्या घरातील स्त्रिया रोज पहाटे उंबऱ्यापुढे रांगोळी घालतात आणि संध्याकाळपर्यंत ती पावलांनी पुसली जाते, तेव्हा आपण तिला विक्षिप्त म्हणत नाही. फरक एवढाच की रांगोळी उद्या पुन्हा घातली जाईल असा भरवसा असतो. नलिनीबाईंच्या भिंतीवरील चित्र पुसले गेल्यावर प्रेक्षकास जी चुटपुट लागते, तीच नाथद्वारच्या चित्रांसाठी लागावी, असा त्या कृतीचा मतलब होता.

त्याच वर्षीच्या ६ डिसेंबरला अयोध्येस बाबरी मशीद पाडण्यात आली आणि पाठोपाठ मुंबईत भीषण दंगली झाल्या. फाळणीच्या निर्वासितांच्या या कन्येला आपल्याच शहरात लोकांना घरे सोडून पळताना पाहावे लागले. चौकटीतील चित्राने आता भागणार नाही अशी त्यांची खात्री झाली असावी, कारण यानंतर त्या रंगभूमीकडे वळल्या. १९९३ साली अलकनंदा समर्थ या अभिनेत्रीबरोबर त्यांनी मीडियाच्या ग्रीक कथेवर आधारित जर्मन नाटककार हाइनर म्युलर यांच्या संहितेचा प्रयोग मुंबईत केला. मीडिया ही परदेशी पतीसाठी स्वतःचा देश आणि आप्त सोडून आलेली स्त्री. पुढे पतीने टाकल्यावर ती आपल्याच मुलांचा घात करते. ही कथा युरोपात कर्कशेची म्हणून सांगितली जाई. तिने जे सोडले आणि जे गमावले त्या बाजूने ती सांगून पाहावी, असा हा प्रयत्न. १९९७ साली दिग्दर्शिका अनुराधा कपूर यांच्यासमवेत त्यांनी ब्रेख्तची एक कथा घेतली. तीत पहारेकऱ्याची नोकरी मिळालेला नवरा मरतो. मुलांची पोटे भरावीत म्हणून त्याची बायको पुरुषाचा वेष घेऊन त्याच्याच नावाने ती नोकरी करते, आणि उत्तम करते. गुपित फुटल्यावर नोकरी जाते. काम तेच, हात तेच. फक्त नाव स्त्रीचे निघाले. नोकरी करणाऱ्या स्त्रिया ज्या घरांत आहेत त्यांना या कथेचे वेगळे विवरण नको.

१९९८ च्या मे महिन्यात भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांनी अणुस्फोटाच्या चाचण्या केल्या. त्यावर नलिनीबाईंनी जी कृती केली तिचा आधार सआदत हसन मंटो यांची टोबा टेक सिंग ही कथा होती. फाळणीनंतर वेड्यांच्या इस्पितळातील रोग्यांचीही वाटणी होते आणि एक वेडा दोन्ही सीमांच्या मधल्या निर्नाव जमिनीवर कोसळतो, ही ती कथा. दालनात बारा पत्र्याच्या ट्रंका ठेवल्या होत्या, निर्वासित नेतात तशा, आणि प्रत्येकीत एकेक लहान पडदा चालू होता. समोरासमोरच्या दोन भिंतींवर दोन स्त्रिया एक साडी घडी घालू पाहत. साडीची घडी दोघींनी मिळून घालावयाची असते. हे कोणत्याही घरातील मुलीस आईने शिकविलेले पहिले काम. परंतु या दोघींच्या मध्ये संपूर्ण दालनाचे अंतर, आणि घडी काही बसत नाही. हिरोशिमा व नागासाकीच्या संहाराची दृश्ये त्यांच्या आसपास उमटत राहतात. ही कृती मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स वस्तुसंग्रहालयात मांडली गेली हेही ध्यानात घेण्यासारखे आहे, कारण तेथे केवळ कलारसिक येत नाहीत. शाळांच्या सहली येतात, गावाकडून मुंबई पाहावयास आलेली कुटुंबे येतात.

२००१ पासून नलिनीबाईंनी जो प्रकार सिद्ध केला त्याला चित्रपट आणि छायानाट्य यांचा संगम म्हणता येईल. त्याची रचना समजून घेण्याजोगी आहे. पारदर्शक पत्र्यावर मागील बाजूने चित्रे काढून त्या पत्र्याचा मोठा नळा करतात. असे चारपाच नळे छतास टांगून लहान मोटरीने मंद गतीने फिरवितात. त्यांच्यामागून प्रक्षेपकाचा प्रकाश सोडला की भिंतीवर तीन गोष्टी एकदम येतात : प्रक्षेपित होणारे हलते चित्र, नळ्यावरील आकृत्यांच्या रंगीत छाया, आणि मधून जाणाऱ्या प्रेक्षकाची स्वतःची काळी सावली. नळे फिरत असल्यामुळे तोच क्षण पुन्हा हुबेहूब येत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी गावचे ठाकर कलावंत दिव्यापुढे चामड्याच्या बाहुल्या नाचवून रामायण सांगत आले, त्याच कुळातील ही विद्या. मात्र पिंगुळीच्या खेळात प्रेक्षक पडद्यासमोर बसून असतो. येथे तो पडद्यावर जाऊन पोहोचतो. अत्याचाराच्या दृश्यावर आपलीच सावली पडलेली पाहून मनुष्य क्षणभर चरकतो. आपण नुसते बघे होतो काय, असा प्रश्न त्याला कोणी न विचारता पडतो.

आता आरंभी उल्लेखिलेल्या २००५ च्या कृतीकडे वळू. समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांच्या एका निबंधावरून नलिनीबाईंना तिची कल्पना सुचली. फाळणीच्या दंगलीत दोन्ही बाजूंच्या मिळून सुमारे पंचाहत्तर हजार ते एक लक्ष स्त्रिया पळविल्या गेल्या असा अंदाज आहे. त्यांचा शोध घेऊन त्यांना परत पाठविण्याचे दोन्ही सरकारांनी ठरविले आणि १९४९ साली भारतात त्यासाठी कायदाही झाला. हेतू चांगला होता. परंतु त्या कायद्यात खुद्द त्या स्त्रीच्या इच्छेस स्थान नव्हते. जिला तेथे मूल झाले होते, जिचा संसार कसाबसा पुन्हा लागला होता, तिलाही धर्म पाहून इकडून तिकडे वा तिकडून इकडे नेण्यात आले. आणि परत आल्यावर? पुष्कळ घरांनी आपल्या मुली आनंदाने घेतल्या. पुष्कळ घरांनी दार लावून घेतले. गुंडांच्या हातून जी जखम झाली तिच्यावर ही दुसरी जखम आप्तांच्या हातची होती. घराची अब्रू, जातीची अब्रू, राष्ट्राची अब्रू ही सर्व ओझी एका मुलीच्या देहावर ठेवली, आणि तो देह विटाळला असे ठरताच ओझ्यासह तिलाही बाहेर काढले. ज्यांनी दारे लावली ती माणसे अडाणी किंवा दुष्ट नव्हती. पुष्कळशी शिकलेली, देवभीरू, आपल्यासारखीच होती. पाच पडद्यांवर भारतमातेची देवतुल्य प्रतिमा आणि या मूक स्त्रियांच्या मुद्रा एकमेकींत मिसळत जातात तेव्हा नलिनीबाई हेच सुचवितात. २००२ च्या गुजरातमधील हत्याकांडाची छायाही त्या कृतीवर आहे, म्हणजे १९४७ चे प्रकरण मिटले असे समजून प्रेक्षकास सुटका करून घेता येत नाही.

या कलेवर आक्षेप आहेत, आणि ते सांगितल्यावाचून हा परिचय पुरा होणार नाही. पहिला आक्षेप दुर्बोधतेचा. २०१२ साली जर्मनीतील कासेल येथे त्यांनी जे छायानाट्य मांडले, त्याचे नाव फैज अहमद फैज यांच्या कवितेवरून घेतलेले. आत महाश्वेता देवींची द्रौपदी, जर्मन लेखिका क्रिस्टा वोल्फ यांची कॅसांड्रा, शिवाय रिल्के आणि बेकेट. एवढे वाचन असलेला प्रेक्षक कोठून आणावा? आक्षेपात तथ्य आहे. काही कृतींत संदर्भांची गर्दी अशी होते की मूळ वेदना त्यांच्याआड जाते. परंतु कीर्तनकारही एका अभंगाच्या निरूपणात पुराण, इतिहास आणि कालची वार्ता एकत्र आणतो, आणि ऐकणाऱ्यास सर्व कथा माहीत नसल्या तरी मुख्य सूत्र हाती लागते. येथेही तसे लागते. दुसरा आक्षेप असा की या कृती यंत्रांवर अवलंबून आहेत. दिवे विझले की मागे काय राहते? त्याचे उत्तर नाटकाच्या बाबतीत आपण केव्हाच दिले आहे. पडदा पडल्यावर नाटकाचेही काही राहत नाही, आणि तरी ते राहते.

त्यातील कॅसांड्रेविषयी थोडे अधिक सांगावेसे वाटते. ट्रॉयची ही राजकन्या भविष्य अचूक जाणत असे, पण तिच्या बोलण्यावर कोणीही विश्वास ठेवणार नाही असा तिला शाप होता. शहर जळणार हे ती सांगत राहिली, आणि शहर जळाले. नलिनीबाईंच्या चित्रांत ही वारंवार येते. नगरकरांना तिची ओळख करून द्यावयास ट्रॉयपर्यंत जाण्याचे कारण नाही. १५९५-९६ मध्ये मोगलांच्या वेढ्यात चांदबिबीने भुईकोट किल्ला लढविला. पुढे पुन्हा वेढा पडला, तेव्हा किल्ला टिकणार नाही, तहाचे बोलणे करावे, हा तिचा हिशेब बरोबर होता. पण फितुरीचा आळ घेऊन स्वकीयांनीच तिला ठार केले, आणि १६०० साली किल्ला मोगलांच्या हाती गेला. आपण तिच्या शौर्याची गाणी गातो. तिचे शहाणपण कोणी ऐकले नाही, याची आठवण क्वचितच काढतो. महाश्वेता देवींची द्रौपदी ही तर आदिवासी स्त्री. सैनिकांनी विटंबना केल्यावर ती वस्त्र नाकारून अधिकाऱ्यासमोर ताठ उभी राहते, आणि भय त्याला वाटू लागते. न ऐकली गेलेली आणि न लाजलेली, अशा या दोघी एकाच भिंतीवर शेजारी फिरताना पाहिल्या की कर्तीचे म्हणणे कळावयास टिपांची गरज उरत नाही.

सत्तरी ओलांडल्यावर नलिनीबाईंनी पुन्हा माध्यम बदलले. काचेच्या पाटीसारख्या संगणकावर त्या बोटाने चित्रे काढतात आणि ती चित्रे हलू लागतात. २०१८ साली जम्मू-काश्मीरमधील आठ वर्षांच्या एका बालिकेवरील अत्याचार व तिची हत्या या वार्तेने देश हादरला. त्यातून ‘माझे ऐकू येते काय?’ अशा अर्थाच्या नावाची कृती निर्माण झाली आणि २०२० साली ती लंडनच्या व्हाइटचॅपल दालनात मांडली गेली. अनेक प्रक्षेपकांतून भिंतींवर रेखाटने आणि अक्षरे एकमेकांवर धावतात, जणू मनात एकाच वेळी उसळणारे विचार. पुढे लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहालयाने समकालीन कलावंतांसाठी सुरू केलेल्या अभ्यासवृत्तीसाठी पहिली निवड त्यांचीच केली. तेथील जुन्या विख्यात युरोपीय चित्रांवर त्यांनी आपली हलती रेखाटने सोडली आणि चित्रांच्या कोपऱ्यात शतकानुशतके दुर्लक्षित उभ्या असलेल्या स्त्रिया, दास आणि परके यांच्याकडे दृष्टी वळविली. ही कृती २०२३ साली त्या संग्रहालयात लोकांनी पाहिली. १९५४ साली निर्वासितांची मुलगी म्हणून मुंबईत आलेल्या या स्त्रीला त्याच वर्षी जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला. त्याआधी २०१९ साली स्पेनमधील होआन मिरो पुरस्कार मिळाला होता.

पुरस्कारांनी कलेची थोरवी ठरत नाही, आणि परदेशाने मान दिला म्हणून आपण मान द्यावा हेही खरे नव्हे. श्रोत्यांपाशी माझे मागणे त्याहून साधे आहे. अशी एखादी कृती मुंबईत, दिल्लीत किंवा अन्यत्र पाहावयाचा योग आला तर दारातून डोकावून परत फिरू नये. अंधारास डोळे सरावू द्यावेत. दृश्यमालिका एकदा पुरती होऊन पुन्हा सुरू होईपर्यंत थांबावे, कारण तिला आरंभ आणि शेवट सापडावयास तेवढा वेळ लागतोच. सगळे संदर्भ कळले नाहीत तरी हरकत नाही. जो आवाज कानी येतो तो कोणाचा आहे एवढे ओळखण्याचा यत्न करावा. आणि बरोबर मुली असतील तर त्यांना काय दिसले ते त्यांना आधी सांगू द्यावे, आपण मागाहून बोलावे.